चुन्याची निवळी

परदेशी गेलेल्या माणसाने तिथली देवळे, राजवाडे पाहावेत, अशी रीत आहे. मी मात्र मेक्सिकोत जाऊन पाहत बसले तो पाटा! धाकटा भाऊ तिकडे नोकरीला. त्याच्या आग्रहावरून शाळेच्या सुटीत गेले होते. वाहाका शहराजवळच्या एका खेड्यात एक म्हातारी गुडघे टेकून मका वाटत होती. तोच दगडी पाटा, तोच वरवंटा. फक्त पाट्याला तीन पाय.

“मका ओला कसा रे?” मी विचारले.

म्हातारीशी बोलून भाऊ म्हणाला, “ताई, हा रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच भिजत ठेवतात. सकाळी धुऊन वाटायचा.”

मला हसू आले. चुना विड्याला लावतात, भिंतीला लावतात, आणि प्रसंगी दुसऱ्या माणसालाही लावतात, पण धान्याला? तेवढ्यात मातीच्या तव्यावर तिची तोर्तिया टम्म फुगली. हातावर गरम गरम घेतली, मिरचीच्या ठेच्याशी खाल्ली, आणि आईच्या भाकरीची आठवण झाली.

त्या चुन्यामागे तीन हजार वर्षांहून जुनी विद्या आहे. चुन्याने दाण्याचे साल सुटते, पीठ चिकट होते आणि मक्यात अडकून पडलेले एक जीवनसत्त्व अंगी लागते. कोलंबसाने 1493 साली मका स्पेनला नेला. चुन्याची रीत मात्र इथेच राहिली. पाट्याशी बसलेल्या बाईला ‘का?’ म्हणून विचारणार कोण?

त्याची किंमत गरिबांनी मोजली. 1735 साली गास्पार कासाल या वैद्याने स्पेनच्या अस्तुरियास भागात मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांत एक विचित्र रोग पाहिला. कातडी लाल होऊन सोलत असे. पुढे जुलाब, मग बुद्धिभ्रंश. हाच ‘पेलाग्रा’. इटलीत आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत त्याने हजारो माणसे नेली. 1914 पासून डॉक्टर गोल्डबर्गर यांनी हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे दाखवायला सुरुवात केली. नेमके जीवनसत्त्व हाती लागायला 1937 साल उजाडले. म्हातारीच्या पणजीच्या पणजीला रोगाचे नाव ठाऊक नव्हते, पण उपाय रोज चुलीवर होता.

संध्याकाळी मेस्कलची भट्टी पाहिली. आपल्याकडे बांधावर घायपात लावतात ना, त्याच्याच गोतावळ्यातले हे झाड. वर्षानुवर्षे वाढवून पाने छाटायची, उरलेला गड्डा तापल्या दगडांच्या खड्ड्यात काही दिवस भाजायचा, घोड्याने ओढायच्या दगडी चाकाखाली ठेचायचा, आंबवायचा, मग गाळायचा. गड्डा भाजून खाणे तिथले जुने. गाळण्याची भट्टी स्पॅनिश राजवटीत रुळली. इथे दोन विद्या एकमेकींना भेटल्या. मक्याच्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

“ताई, एक घोट?” भावाने वाटी पुढे केली. ओठ लावले. धूर आणि विस्तव! मास्तरीणबाईंनी तिथेच कानाला खडा लावला.

पण ती म्हातारी मनातून जाईना. माझी आई कितीतरी गोष्टी ‘अशीच रीत आहे’ म्हणून करी. मी चार बुके शिकलेली. हसून सोडून देई. आता विचारावे म्हटले, तर ती नाही.

यंदा अनारशांचे तांदूळ भिजत घालताना सासूबाईंजवळ वही घेऊन बसले. “तीनच दिवस का? रोज पाणी का बदलायचे?” त्या आधी हसल्या, मग सांगू लागल्या. मी लिहून घेते आहे.