डोळा, घोटा आणि टाके घालण्याआधीचं चित्र

आज आपण कुंभकोणमला जायचंय. तंजावरपासून साधारण चाळीस किलोमीटर, कावेरीच्या काठी. बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहमसाठी हे गाव प्रसिद्ध आहे, पण आपण जाणार आहोत तिथल्या चक्रपाणी मंदिरात. इथे विष्णूची पूजा सुदर्शन चक्राच्या रूपात होते. आणि याच देवळात देवाची पूजा करणाऱ्या एका राजाची ब्राँझची मूर्ती आहे. राजा कोण? तर आपले मराठी बोलणारे, तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले. दंतकथा अशी की राजे आजारी पडले आणि चक्रपाणीच्या कृपेने बरे झाले.

दंतकथा दंतकथेच्या जागी ठेवू. पण ज्या राजाच्या बरं होण्याचं श्रेय देवाला गेलं, त्याच राजाने दुसऱ्यांचे आजार कसे बरे होतात हे कागदावर उतरवून ठेवलं होतं. तिथून मला आजच्या विषयाकडे यायचंय. विषय आहे पायाचा घोटा. घोट्याचं ऑपरेशन चालू असताना सर्जनला आतलं हाड कसं दिसतं, आणि ते दिसायला लागेपर्यंत किती काळ जावा लागला.

मग सुरुवात राजापासून का, असं तुम्ही विचाराल. सांगतो.

सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर. राज्य गेलेला राजा काय करतो? बरेच जण काहीच करत नाहीत. यांनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाची आरोग्यशाळा चालवली. शरीररचना शिकायची हौस होती, पण खऱ्या माणसाची हाडं राजवाड्यात ठेवणं सोवळ्यात बसेना. त्यावर तोड म्हणून कृत्रिम सांगाडा.

त्या काळातले डोळ्यांच्या रुग्णांचे कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. चाळीसहून अधिक रुग्ण, १८२७ च्या सुमाराचे. काही मजकूर मोडीत, काही इंग्रजीत, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. मोतीबिंदू कसा दिसत होता, उपचारानंतर काय झालं, हे त्यात आहे. आता या कागदांवरून 'राजा स्वतः डोळ्यांची ऑपरेशनं करायचा' अशी गोष्ट बरीच फिरते. मी त्या वादात पडत नाही. माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही की रुग्णागणिक चित्र काढून ठेवायला कुणीतरी सांगितलं आणि कुणीतरी ते काढलं.

पण डोळ्याची एक सोय असते बघा. मोतीबिंदू बाहेरून दिसतो. चित्रकार समोर बसून तो रंगवू शकतो. घोट्याचं तसं नाही. घोट्यात काय बिघडलंय हे कातडी, सूज आणि रक्त यांच्या आड असतं. सरफोजींचा उत्तमातला उत्तम चित्रकार आणून बसवला असता, तरी त्याला सुजलेला पायच रंगवावा लागला असता.

आता घोट्याची रचना थोडक्यात. सुतार एका लाकडाला खाच पाडतो आणि दुसऱ्या लाकडाचं टोक त्यात घट्ट बसवतो, तसा हा सांधा आहे. खाच तयार होते दोन हाडांची: आतून नडगीचं जाड हाड, बाहेरून त्याच्या शेजारचं बारीक हाड, म्हणजे फिब्युला. त्या खाचेत खालून टेलस नावाचं हाड बसतं. आणि जाड-बारीक हाडं एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांना वरच्या बाजूला मजबूत अस्थिबंध बांधून ठेवतात. त्या जोडाला सिंडेस्मोसिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण लक्षात ठेवा, सगळी गोष्ट शेवटी तिथेच अडकते.

लंडनचा सर्जन पर्सिव्हल पॉट १७५६ मध्ये घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचं हाड मोडलं. असं म्हणतात की त्याने स्वतःला नीट हलवता यावं म्हणून दाराची फळी मागवली आणि तिच्यावर झोपून घरी गेला. पुढे त्याने अस्थिभंगांवर पुस्तक लिहिलं, त्यात घोट्याच्या एका दुखापतीचं वर्णन केलं, आणि तिला 'पॉट्स फ्रॅक्चर' नाव पडलं. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा पाय मोडला तो या प्रकारे नाही. पॉटकडे बघायला काहीच नव्हतं. फक्त बोटं होती. बोटांनी चाचपून त्याने ओळखलं की बारीक हाड मोडलं आणि अस्थिबंध तुटले की टेलस आपल्या जागेवर राहत नाही. हे वाचताना मला प्रत्येक वेळी थक्क व्हायला होतं.

मग आलं १८९५. नोव्हेंबरात रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले, डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं, आणि दोन-तीन वर्षांत ही यंत्रं आपल्या देशातही पोहोचली. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत बीव्हर नावाचा लष्करी सर्जन वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत क्ष-किरण यंत्र घेऊन फिरला. दक्षिणेत मद्रासला बर्नार्ड यांच्या नावाची रेडिओलॉजीची मोठी संस्था १९३४ मध्ये उभी राहिली.

पण फोटो म्हणजे फोटो. काच किंवा फिल्म धुऊन यायची, तोवर वेळ जायचा. ऑपरेशन चालू असताना हाड हलतंय कसं, ते बघायचं तर चमकणारा पडदा हवा, म्हणजे फ्लुओरोस्कोप. तो १८९६ पासून होता की! मग तो ऑपरेशनला का वापरला नाही? कारण साधं आहे: अंधार. त्या पडद्यावरचा उजेड इतका मंद असायचा की डॉक्टरला आधी वीस-तीस मिनिटं अंधारात बसून डोळे सरावावे लागत. पुढे लाल काचेचे चष्मे निघाले, ते घालून उजेडात हिंडलं की डोळे तयार राहत. पण पाय उघडून ठेवायचा, रक्त थांबवायचं, स्क्रू घालायचा, हे अंधारात कसं करणार? सर्जनला उजेड हवा, पडद्याला अंधार हवा. पन्नास वर्षं हे भांडण मिटलं नाही.

मधल्या काळात तो पडदा कुठे वापरला गेला माहीत आहे? बुटांच्या दुकानात. बॉस्टनच्या जेकब लो नावाच्या डॉक्टरने पहिल्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांचे पाय बूट न काढता बघायला यंत्र केलं, आणि पुढे ते दुकानांत गेलं. पोरं पाय घालून आपलीच बोटं हलवून बघायची. किरणांची मात्रा किती, कुणी विचारत नव्हतं. पुढे देशोदेशी ती यंत्रं बंद करावी लागली.

भांडण मिटलं ते १९४८ मध्ये, वेस्टिंगहाऊसच्या कोल्टमन याने मंद चित्र कितीतरी पटींनी उजळ करणारी नळी बनवली तेव्हा. १९५५ मध्ये फिलिप्सने ती नळी इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या कमानीवर बसवली. एका टोकाला किरण, दुसऱ्या टोकाला नळी, मध्ये रुग्णाचा पाय. हाच सी-आर्म. आज जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावीही हाडांच्या डॉक्टरकडे तो दिसतो, आणि शिशाचे जड एप्रन घातलेली मंडळीही दिसतात.

आता घोटा सी-आर्मखाली धरला की झालं? नाही ना. पाय सरळ समोरून बघितला तर बारीक हाड जाड हाडावर येतं आणि खाच झाकली जाते. पाय पंधरा-वीस अंश आत वळवावा लागतो, तेव्हा टेलसच्या तिन्ही बाजूंची फट दिसते. ती फट सगळीकडे सारखी हवी. का? १९७६ मध्ये रॅम्झी आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या २३ घोट्यांवर मोजमाप केलं. टेलस बाहेरच्या बाजूला फक्त एक मिलिमीटर सरकलं, तर हाडांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटला. एक मिलिमीटर! माणसाचं सगळं वजन मग उरलेल्या जागेवर. मांडी घालणारा, उकिडवा बसणारा, देवळात अनवाणी प्रदक्षिणा घालणारा आपला माणूस. त्याच्या कूर्चेची झीज पुढे काही वर्षांनी बोलायला लागते.

आणि इथे सी-आर्मही फसतो. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या गार्डनर आणि सहकाऱ्यांनी सिंडेस्मोसिस स्क्रूने बसवलेले २५ रुग्ण तपासले. साध्या एक्स-रेवर सहा जणांचं माप चुकलेलं दिसलं. सीटी स्कॅन केला तर तेरा जणांचं! म्हणजे एक्स-रेवर जे ठीक दिसत होतं त्यातलंही बरंच ठीक नव्हतं. बारीक हाड पुढे-मागे सरकलेलं किंवा स्वतःभोवती फिरलेलं असतं, आणि सपाट चित्रात ते लपून जातं. बरं, सीटी झाला कधी? ऑपरेशननंतर. टाके घातल्यावर कळून उपयोग काय? पाय पुन्हा उघडायचा.

म्हणून २००० सालाच्या आसपास असा सी-आर्म आला, जो घोट्याभोवती अर्धवर्तुळात फिरत ओळीने अनेक चित्रं घेतो आणि सीटीसारखे छेद तिथेच, टेबलावरच दाखवतो. जर्मनीतल्या लुडविगशाफेनच्या फ्रांके आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अशा २५१ रुग्णांचा हिशेब मांडला. जवळजवळ तिघांत एका रुग्णात ते छेद बघून सर्जनने तिथल्या तिथे बदल केला. ही सगळी अनुभवी माणसं, साध्या सी-आर्मवर समाधानी झालेली.

हे यंत्र महाग आहे, किरणं थोडी जास्त लागतात, आणि कुंभकोणमएवढ्या गावात ते प्रत्येक ठिकाणी असेल अशी अपेक्षा मी करणार नाही. पण एक उपाय फुकटचा आहे, आणि मला तो फार आवडतो. प्रत्येकाच्या घोट्याची खाच थोडी वेगळी असते. पुस्तकातलं माप तुमच्या पायाला तंतोतंत लागू पडेलच असं नाही. तुमच्या मोडलेल्या घोट्याचा खरा नमुना एकच, तुमचा दुसरा घोटा. म्हणून काही सर्जन ऑपरेशन सुरू करण्याआधी त्याच सी-आर्मखाली चांगला पाय धरतात, समोरून आणि बरोबर बाजूने त्याचं चित्र घेतात, आणि ते पडद्यावर ठेवून देतात. मग मोडलेल्या पायाचं चित्र त्याच कोनातून घ्यायचं आणि शेजारी ठेवून जुळवायचं. स्क्रू पक्का करण्याआधी.

तुमच्या घरी कुणावर ही वेळ आलीच, तर डॉक्टरांना विचारायला काही हरकत नाही: चांगल्या पायाचंही चित्र घेणार आहात ना?