पाण्याच्या हिशोबात मासोळीचा रकाना कुठे आहे?

पावसाळा संपला की कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. पिण्यासाठी किती राखायचं, उद्योगाला किती, रब्बीच्या पाळ्या किती, यावर वाद होतो. व्हायलाच पाहिजे. मी कास्तकाराच्या घरातला. हरभऱ्याला एक पाणी कमी पडलं तर काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नाही. पण नदीतल्या मासोळीला किती पाणी, हा प्रश्न कोणी काढला की लोक हसतात. शहरी पर्यावरणवाद्यांचं नवीन खूळ म्हणतात.

खूळ नवीन नाही मंडळी. दीडशे वर्षं जुनं आहे, आणि ते काढलं एका धरण बांधणाऱ्या माणसानेच.

सर आर्थर कॉटन. १८५२ मध्ये याने आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमचा बंधारा पूर्ण केला. दुष्काळाने पिचलेला तो मुलूख भाताचं कोठार झाला, तिथे आजही त्याचे पुतळे आहेत. पण समुद्रातून एक मासा अंडी घालायला नदीत वर चढतो. बंगाली त्याला इलिश म्हणतात, गोदावरीकाठचे लोक पुलसा. सॅल्मनसारखीच त्याची रीत. बंधाऱ्याने त्याची वाट अडली. १८६७ मध्ये खुद्द कॉटननेच सरकारचं लक्ष वेधलं की या बंधाऱ्यांनी मासेमारीचं नुकसान होत असावं, चौकशी करा. सरकारने ते काम फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टरला दिलं. स्वतःच्या कामाची चौकशी मागणारा इंजिनिअर आज किती सापडतील, सांगा!

आता यात वर्धा कुठे आली? दोन ठिकाणी.

एक, वर्धा नदीचं पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता होतं आणि गोदावरीतून त्याच धवळेश्वरमला पोचतं. दोन, हिंगणघाटचा कापूस. गोदावरी-प्राणहितेवर बांध आणि कालवे काढून आपल्या खोऱ्यातला कापूस नावेने थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी मोठी योजना इंग्रजांनी काढली होती, आणि कॉटन तिचा खंदा पुरस्कर्ता. कामं सुरूही झाली. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, खर्च वाढत गेला आणि १८७१ मध्ये योजना गुंडाळली. आगगाडी आली नसती तर प्राणहिता तेव्हाच अडली असती.

डेचा अहवाल १८७३ मध्ये आला. त्याने प्रांतोप्रांतीच्या अधिकाऱ्यांना प्रश्न पाठवले होते: मासे कमी झाले का, जाळ्याचं भोक केवढं, पिल्लं मारतात का. त्याचं म्हणणं साधं होतं. बारीक जाळी थांबवा, अंडी घालायच्या दिवसांत माशांना मारू नका, आणि बंधाऱ्यात माशांना चढायला वाट ठेवा. १८९७ मध्ये मत्स्य कायदा झाला. सुरुंग लावून, विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरलं. माशांच्या वाटेचं मात्र फारसं काही झालं नाही.

स्वातंत्र्यानंतर बोर धरण झालं १९६५ मध्ये, मग महाकाळीचं धाम, १९९३ मध्ये मोर्शीजवळचं अप्पर वर्धा, पुढे निम्न वर्धा. बोरच्या वाघांना तरी १९७० मध्ये अभयारण्य आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प मिळाला. वाघाची फाईल असते. मासोळीची नसते. १९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय जलनीतीच्या प्राधान्यक्रमात नदीचं नावच नव्हतं. २००२ मध्ये ते चौथ्या नंबरवर आलं, पिणं, सिंचन आणि जलविद्युत यांच्या मागे.

आपल्या नद्यांत इलिश नाही. पण पहिल्या पुरात चढणारे मासे आपल्याकडेही आहेत. मृगाचा पाऊस पडला, पाणी गढूळ झालं की ते वर निघतात, उथळ पाण्यात अंडी घालतात. नेमकी तेव्हा धरणं भरायची घाई. उन्हाळ्यात उरतात ते डोह. त्यांच्यावर मोटारी लागतात, रेतीवाले खणतात, आणि पुढच्या वर्षीचं बियाणंच संपतं. शिवडा हा मासा आज जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. धरणांत रोहू, कतला, मृगळ सोडतात, त्यावर मच्छीमार संस्था चालतात हे खरं. पण नदीकाठच्या ढिवराला त्याचा काय उपयोग?

अमेरिकेत क्लॅमथ नदीवर हाच तंटा चिघळला. २००१ च्या दुष्काळात माशांसाठी शेतकऱ्यांचं पाणी बंद केलं, शेतकरी रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी पाणी शेतीला सोडलं आणि २००२ च्या सप्टेंबरमध्ये खाली हजारो सॅल्मन मरून पडले. मला तसला न्याय नको. ना असा, ना तसा.

आणि खरं सांगू का, आपल्याकडे भांडण कास्तकार विरुद्ध मासोळी असं नाहीच. अप्पर वर्धातून एका औष्णिक वीज प्रकल्पाला वर्षाला ८७.६ दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं होतं, तेव्हा अमरावतीचे शेतकरी रस्त्यावर उतरले. २०११ मध्ये राज्य सरकारने शेतीला उद्योगाच्या वर आणलं. म्हणजे क्रम बदलता येतो.

भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि ढिवर बायाबापड्यांनी जुन्या मालगुजारी तलावांत, उन्हाळ्यात तळ नांगरून, पाणवनस्पती लावल्या. देशी मासे परत आले. त्याच तलावांवर धानही पिकतो.

आपल्याला काय करता येईल? मोठ्या धरणावर मासा चढणार नाही, ते सोडा. पण कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या पाट्या पावसाळ्याआधी निघाल्याच पाहिजेत. नियम तोच आहे, कित्येक ठिकाणी त्या तशाच राहतात. यात कास्तकाराचं एक थेंब पाणी जात नाही. दुसरं, धाम, बोर, वर्धा, वेणा यांवरचे मोठे डोह ठरवा आणि एका खुणेच्या खाली तिथून उपसा बंद. तिसरं, समितीच्या बैठकीत ढिवरांच्या संस्थेचा एक माणूस बसवा.

डोहांची यादी मी करतो आहे. तुमच्या गावाजवळच्या डोहाचं नाव, उन्हाळ्यात त्यात पाणी किती राहतं आणि पूर्वी कोणते मासे मिळायचे, ते खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा, त्यांना जास्त माहीत आहे.