‘मोकळी जमीन’ : गिरणगावाच्या पुनर्विकासातील एका शब्दाचा इतिहास

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास बहुधा ताडदेवापासून, म्हणजे कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीपासून सांगितला जातो. तो थळ घाटापासून सांगितला तरी फारसे बिघडणार नाही. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग खुला झाला. ३७ फुटांस १ फूट असा त्याचा चढ. दोनच वर्षांत ही वाट नागपुरास पोचली आणि बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून भिजत, मळत घाट उतरणारा वऱ्हाड-खानदेशचा कापूस वाघिणींतून उतरू लागला. इगतपुरीचे ठाणे या वाहतुकीनेच वाढविले. घाट उतरलेला कापूस प्रथम विलायतेस आणि पुढे वाढत्या प्रमाणावर मुंबईतल्याच गिरण्यांत जाऊ लागला. भायखळा, लालबाग, परळ, वरळी, दादर अशा पसरलेल्या त्या मुलखास मराठी बोलणाऱ्यांनी ‘गिरणगाव’ हे नाव दिले.

हे गिरणगाव आज गिरण्यांचे राहिलेले नाही. सुमारे ६०० एकर जमिनीवर उभ्या असलेल्या ५८ गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, दुकानांची दालने, उपाहारगृहे व निवासी मनोरे एकाच आवारात बसविणारे प्रकल्प आले आहेत. नगररचनाकारांच्या परिभाषेत यास ‘मिश्र वापराचा पुनर्विकास’ म्हणतात. अमेरिकेतील शहरांचे मध्यभाग गेल्या काही दशकांत ज्या रीतीने पालटले तिचाच हा मुंबईतील अवतार असे सांगितले जाते. अर्थकारण व राजकारण या दोन्ही अंगांनी या स्थित्यंतरावर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्याहून मर्यादित आहे. या स्थित्यंतराच्या मध्यावर एका शब्दप्रयोगाचा अर्थ काय, हा वाद होता आणि शेकडो एकरांचे भवितव्य त्या अर्थावर ठरले. त्या वादाचा वृत्तांत भाषेच्या अभ्यासकाने एकदा मांडावयास हवा.

प्रथम ‘मिश्र वापर’ या संज्ञेविषयी. गिरणगावात वापर मिश्र नव्हता कधी? गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात चाळ, चाळीच्या तळाशी वाण्याचे दुकान, दोन घरे सोडून खानावळ, पलीकडे तालीम, गणपतीचा मांडव, भजनी मंडळाची खोली, युनियनची कचेरी. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नाशिक या जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी शहरात येऊन ‘गाव’च वसविले, आणि नावात ‘पेठ’ किंवा ‘पुरा’ न येता ‘गाव’ आले ते यामुळे. या मिश्रणात दाटीही होती. १६० चौरस फुटांच्या खोलीत एक कुटुंब किंवा पाळ्यांनी झोपणारे डझनभर पुरुष ही स्थिती रम्य म्हणण्याजोगी नव्हे, आणि स्मरणरंजनाच्या भरात तिला तसे म्हणणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. १८९६ च्या प्लेगानंतर १८९८ मध्ये आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नागपाड्यापासून वस्त्या पाडावयास घेतल्या. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. वस्ती ‘अनारोग्यकारक’ ठरविली की ती पाडता येते, हा धडा मुंबईच्या कारभाराने तेव्हाच गिरविलेला होता.

अमेरिकेत या कामी जो शब्द योजला गेला तो शेतीतून आलेला आहे. पिकावर पडणारा जो रोग आपला शेतकरी ‘करपा’ म्हणून ओळखतो, त्याचे इंग्रजी नाव शहराच्या जुन्या भागास लावण्यात आले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने अशा ‘करपलेल्या’ वस्त्या ताब्यात घेऊन पाडण्यासाठी नगरपालिकांना केंद्राचा पैसा दिला. वॉशिंग्टन शहराच्या नैर्ऋत्य भागातील एका दुकानमालकाचे म्हणणे असे पडले की, माझे दुकान धडधाकट आहे, त्यास करपा पडलेला नाही, मग ते का घ्यावे? १९५४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘बर्मन विरुद्ध पार्कर’ या खटल्यात निर्णय दिला की, रोग इमारतीचा पाहावयाचा नसून विभागाचा पाहावयाचा आहे. एका विशेषणाचे विशेष्य बदलले, इमारतीऐवजी विभाग झाले, आणि वीस हजारांहून अधिक माणसांची वस्ती उठली. संसदभवनापासून चालत जाण्याच्या अंतरावरील या भागात घरे व दुकाने एकमेकांत मिसळलेली होती. त्यांच्या जागी निवास वेगळा, कचेऱ्या वेगळ्या अशी स्वच्छ विभागणी झाली. पुढे त्याच भागाच्या नदीकाठी २०१७ मध्ये ‘द व्हार्फ’ या मोठ्या प्रकल्पाचा पहिला टप्पा खुला झाला. त्याची ख्याती अशी की, त्यात घरे, दुकाने, कचेऱ्या व करमणूक ही सर्व एकत्र आहेत! साठ वर्षांपूर्वी जे मिश्रण दोष म्हणून मोडले तेच गुण म्हणून परत आले. ज्यांनी ते प्रथम घडविले होते ती माणसे मात्र परत आली नाहीत.

गिरणगावात ‘करपा’ लावावा लागला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. तो रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्यांपैकी काही पुन्हा सुरू झाल्या, काही अर्ध्यामुर्ध्या चालल्या, पुष्कळ बंद पडल्या. यंत्रांपेक्षा यंत्राखालची जमीन अधिक मोलाची झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचा वापर बदलण्याची वाट उघडली आणि तिजवर एक अट घातली. गिरणीची जमीन नव्याने विकसित करावयाची तर स्थूलमानाने तिचा एक-तृतीयांश भाग उद्याने व मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेस, एक-तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी म्हाडास आणि उरलेला मालकास, अशी वाटणी ठरली. जमीन जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी : ५ हेक्टरपर्यंत ४० टक्के, १० हेक्टरांवर ३० टक्के.

मालकांना ही वाटणी मानवली नाही हे उघड आहे. शिवाय जुन्या इमारती उभ्या ठेवून त्यांचाच वापर बदलल्यास वाटणीचा प्रश्न उद्भवत नव्हता. त्यामुळे मधली काही वर्षे पुनर्विकास तुकड्यातुकड्यांनी, जुन्या छपरांखाली झाला. फिनिक्स गिरणीचे धुराडे आज खरेदीच्या दालनांमध्ये उभे दिसते. १९९६ मध्ये वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा विचार केला. या जमिनी सुट्या सुट्या न पाहता एकत्र पाहाव्यात, म्हणजे रेल्वेस्थानकांभोवती सलग सार्वजनिक जागा काढता येतील, अशी तिची दृष्टी होती. ती अमलात आली नाही.

२००१ मध्ये ५८ वा नियम बदलण्यात आला. मालक, कामगार व सरकार यांच्यापुढे त्या वेळी असलेला पेच खरा होता. आजारी गिरण्यांवर कर्जे होती, कामगारांची देणी थकली होती, आणि वाटणीच्या धास्तीने जमिनी पडून राहिल्या होत्या. नव्या नियमाने वाटणी कायम ठेवली, परंतु ती गिरणीच्या संपूर्ण जमिनीस न लावता ‘ओपन लँड्स’ व शिल्लक चटईक्षेत्र यांस लावली. ओपन लँड्स, म्हणजे मोकळी जमीन. प्रश्न उरला तो हा : गिरणी पाडल्यानंतर जी जमीन उघडी पडते ती मोकळी जमीन होय की नव्हे? २००३ मधील शासकीय खुलाशाने ती नव्हे असे सांगितले. मुंबईच्या गिरण्यांची आवारे शेड्स, गोदामे, रंगखाते यांनी भरलेली. बांधकाम नसलेला भाग असून असून किती असणार? ‘मोकळी’ या शब्दाचा हा अर्थ धरला तर वाटणी नियमात राहते आणि वाटावयाचे क्षेत्र बहुतांशी नाहीसे होते.

बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये निर्णय दिला. पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीस पात्र आहे, असा त्याचा आशय होता. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. आजारी उद्योगाचे पुनरुज्जीवन व कामगारांची देणी हा नियमामागील हेतू मान्य करून, पाडल्याने रिकामी होणारी जमीन ‘ओपन लँड्स’मध्ये मोडत नाही असे त्याने ठरविले.

आता या शब्दाकडे पाहू. मराठीतील ‘मोकळा’ हे विशेषण ‘मुक्त’ या कुळातील आहे. गुजराथीतही ‘मोकळुं’ आहे. बांधलेले सुटले की मोकळे होते : केस मोकळे सोडतात, गुरे मोकळी करतात, रडून मन मोकळे करतात, कर्ज फेडून माणूस मोकळा होतो. ‘रिकामा’ या शब्दात केवळ अभाव आहे. ‘मोकळा’ या शब्दात पूर्वी काही बंधन होते आणि ते गेले, अशी क्रिया दडलेली आहे. या दृष्टीने गिरणी पाडल्यावर उरलेली जागा हीच व्युत्पत्तीच्या अर्थाने खरी ‘मोकळी’ जागा ठरेल. इंग्रजी विशेषणात हे काळाचे अंग नाही. नियम मूळ मराठीत लिहिला गेला असता तर लिहिणारास ‘मोकळी असलेली’ की ‘मोकळी झालेली’ यांपैकी एक कृदन्त निवडणे जवळजवळ भाग पडले असते. मग २००३ चा खुलासा नको होता आणि कदाचित खटलाही.

या विवेचनास एक आक्षेप संभवतो, आणि तो प्रबळ आहे. धोरण आधी ठरते, शब्द नंतर शोधले जातात. इंग्रजीतही हवे तितके निःसंदिग्ध लिहिता येते. हे मान्य आहे. संदिग्ध शब्दाने निर्णय घडविला असे येथे म्हणावयाचे नाही. म्हणणे इतकेच की, वाटणी रद्द करतो असे उघड सांगावे लागले असते तर विधिमंडळात व रस्त्यावर जे व्हावयाचे ते झाले असते. संदिग्ध शब्दामुळे तो प्रश्न पाच वर्षे अर्थनिर्णयाचा विषय होऊन राहिला, आणि तेवढ्या अवधीत जमिनीचे भाव वर गेले. आपले महसुली मराठी या बाबतीत किती सावध आहे! पडीक, गायरान, वरकस, पोटखराबा या प्रत्येक शब्दाने जमिनीचा इतिहास व तिजवरचा हक्क निरनिराळा दाखविला जातो. नागरी नियमावलीने ही परंपरा उचलली नाही.

निर्णयाच्या आगेमागे जे घडले त्याची काही उदाहरणे देतो. २००५ मध्ये महामंडळाची मुंबई टेक्स्टाईल मिल, सुमारे १७ एकर, डीएलएफ या कंपनीने ७०२ कोटी रुपयांस घेतली. तीच जमीन २०१२ मध्ये लोढा समूहास सुमारे २,७०० कोटींस विकली गेली. त्याच २०१२ च्या जून महिन्यात म्हाडाने गिरणी कामगारांसाठी जवळजवळ ७ हजार घरांची सोडत काढली. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. २०१६ मध्ये आणखी घरे निघाली ती पनवेलजवळ कोन येथे. पुढे शेलू व वांगणी ही नावे पुढे आली तेव्हा कामगारांच्या संघटनांनी घरे मुंबईतच हवीत म्हणून आझाद मैदानावर मोर्चा नेला. ज्या जमिनीच्या वाट्यातून मुंबईत घरे उभी राहावयाची तो वाटाच आटलेला होता. उलट दिशेचे उदाहरणही नोंदविले पाहिजे : वरळीच्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५५६ कुटुंबे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांत गेली. तेथे राहणाऱ्याचा हक्क आधी ठरला होता आणि मनोरा नंतर आला.

मोकळी जागा न निघाल्याचा परिणाम केवळ उद्यानांपुरता नव्हता. पाळ्यांनी, पायी येणाऱ्या कामगारांच्या काळात बेतलेली स्थानके, जिने व गल्ल्या तशाच राहिल्या आणि त्यांवर आगगाडीने एकाच वेळी येणाऱ्या कचेऱ्यांच्या नोकरवर्गाचा लोंढा आला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. स्थानकांभोवती जागा सोडण्याची कोरिया समितीची सूचना तेव्हा एकवीस वर्षांची झाली होती. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांस लागलेल्या आगीत १४ जण गेले. लष्कराने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला, आणि जुलैपासून स्थानकाचे नाव प्रभादेवी झाले.

नावांचाही एक स्वतंत्र अध्याय लिहिता येईल. कामगारांच्या तोंडी इंडिया युनायटेड मिलची ‘इंदू मिल’ झाली, आणि चैत्यभूमीलगतच्या त्या गिरणीच्या जमिनीवर डॉ. आंबेडकरांचे स्मारक योजले गेले तेव्हा लोकांनी घडविलेले हेच नाव टिकले. याउलट इमारती विकणाऱ्यांनी लोअर परळचे ‘अप्पर वरळी’ केले. ‘खालचे परळ’ या नावाने घर विकण्यात अडचण येत असावी. स्थानकाच्या पाटीवर मात्र अजून लोअर परळ आहे.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि घाटाखालून सुमारे ८ किलोमीटरांचा बोगदा गेला. ज्या घाटाने मुंबईस कापूस दिला त्याच्या माथ्यावर आता मुंबईचे पैसे जमीन शोधीत येतात. रस्त्याच्या कडेच्या फलकांवर ‘मोकळे भूखंड’ असे लिहिलेले असते. सातबाराच्या उताऱ्यावर त्यांपैकी कित्येकांची नोंद वरकस म्हणून सापडेल : गवताची, डोंगरउताराची, नाचणी-वरईची जमीन.