तीळगूळ, ज्याओझी आणि कोटणिसांची चिनी भाषा

पारशिवनीच्या बाजारात दुपारी ओळखीचा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: "जेवण झालं का?" उत्तराची अपेक्षा फारशी नसते, तो नमस्कारच असतो. चिनी भाषेतही "छ्र ल मा", म्हणजे "जेवलात का", हा जुना घरगुती नमस्कार आहे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राष्ट्रीय सभेचे वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला निघाले. अटल, बसू, मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि पाचांत सर्वांत वडीलधारे, नागपूरचे डॉ. चोळकर. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळाले आणि प्रत्येक नावाच्या अखेरीस 'हुआ', म्हणजे चीन, हे अक्षर आले. कोटणीस 'के दीहुआ' झाले.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. त्या वर्षी चिनी नववर्ष १९ फेब्रुवारीला होते. परक्याने ही भाषा सणाच्या ताटावरून शिकावी, इतके ते ताट बोलके असते. मासा म्हणजे 'यू'. शिल्लक, समृद्धी यालाही 'यू'च म्हणतात. म्हणून "न्येन न्येन यौ यू", दरवर्षी काही उरो, ही शुभेच्छा. आणि कित्येक घरांत मासा मुद्दाम थोडा उरवतात. तांदळाच्या चिकट वडीचे नाव 'न्येनगाओ', ऐकू येते 'वर्षागणिक उंच'. उत्तरेत मध्यरात्री उकडलेल्या ज्याओझी खातात. दिसायला आपल्या करंजीची बहीण, फक्त आत खिमा किंवा भाजी. पंधराव्या दिवशीच्या गोळ्यांना दक्षिणेत 'थांगयुआन' म्हणतात. त्यात 'थ्वानयुआन', कुटुंबाचे एकत्र येणे, ऐकू येते.

मराठी माणसाला हे नवल वाटू नये. 'स्नेह' म्हणजे तेल आणि माया दोन्ही. तिळातला स्नेह वाटूनच आपण "गोड बोला" म्हणतो.

चोळकर त्याच वर्षी परतले. कोटणीस राहिले. आघाडीवरच्या जखमींशी दुभाष्यामार्फत किती बोलणार? ते चिनी बोलायला, वाचायला शिकले, पुढे त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ मध्ये ते बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव 'यिनहुआ' ठेवले: 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, तेव्हा यिनहुआ चार महिन्यांचाही नव्हता.