‘व्यापारा’च्या पटाची खरी आई

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारभर ‘व्यापार’ खेळलेल्या कुणालाही त्याचा शेवट विचारा. एकाच्या पुढ्यात नोटांची चळत, बाकीचे कफल्लक. हा खेळ म्हणजे मोनोपॉलीचा आपल्याकडचा अवतार. मोनोपॉलीचा मूळ पट मात्र एका अमेरिकन बाईंनी आखला होता, आणि तोही श्रीमंत कसं व्हावं हे शिकवायला नव्हे. एकाच्या हाती जमीन गेली की बाकीचे कसे नागवले जातात, ते लोकांना दिसावं, हा त्यांचा हेतू होता.

एलिझाबेथ मॅगी यांचा जन्म १८६६चा, इलिनॉय राज्यातला. पोटापाण्यासाठी लघुलेखन, टाइपरायटरमधल्या एका सुधारणेचं पेटंटही त्यांच्या नावावर होतं. वडील वर्तमानपत्र चालवत. त्यांच्यामुळे मॅगीबाईंच्या हाती हेन्री जॉर्ज यांचं १८७९चं ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ आलं. जॉर्ज यांचं म्हणणं असं, की जमीन कुणी घडवलेली नाही. गाव वाढतं, रस्ते होतात, जागेचा भाव चढतो; त्यात मालकाचा घाम नसतो. म्हणून ती कमाई करातून समाजाकडे यावी आणि कष्टाच्या मिळकतीवर कर नसावा. हे भाषणात सांगितलं तर माणसं माना डोलावतात आणि घरी जाऊन विसरतात. मॅगीबाईंनी पट आखला. ५ जानेवारी १९०४ रोजी ‘द लँडलॉर्ड्स गेम’ला पेटंट मिळालं.

तो पट आजही ओळखीचा वाटेल. चारही कडांनी घरं, चार रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग. फेरी पुरी झाली की १०० डॉलर मजुरी, कारण धरतीवर राबणाऱ्याला मोल मिळतंच, असं त्या कोपऱ्यात लिहिलेलं. एक जागा लंडनच्या ‘लॉर्ड ब्ल्यूब्लड’ची. त्याच्या जमिनीवर पाय पडला की थेट तुरुंग. परदेशात बसलेला मालक आणि इथे घुसखोर ठरलेला माणूस, दोघंही एका घरात आले!

पण माझ्या मते बाईंची खरी प्रतिभा पटात नव्हती, नियमांत होती. १९०६मध्ये खेळ बाजारात आला, त्यात पर्यायी नियमही होते. नेहमीच्या डावात भाडं मालकाच्या खिशात जाई. दुसऱ्या पद्धतीत जमिनीचं भाडं सार्वजनिक खजिन्यात जमा होई. खजिना भरला की दिव्यांची कंपनी सर्वांना फुकट, मग ट्रॉली, मग रेल्वे, आणि पुढे मजुरीतही वाढ. पट तोच, फासे तेच, माणसं तीच, तरी निकाल निराळा. दोन्ही डाव खेळलेल्याला नशिबाला बोल लावायला जागाच उरत नाही.

खेळ शाळा-कॉलेजांत पोचला तो डेलावेअरमधल्या आर्डेन गावामुळे. जॉर्ज यांच्या विचारांवर १९००मध्ये वसवलेल्या या गावात स्कॉट निअरिंग राहत आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवत. त्यांनी हा पट विद्यार्थ्यांपुढे मांडला. विद्यार्थ्यांनी कापडावर, पुठ्ठ्यावर नकला काढल्या, आपापल्या गावच्या रस्त्यांची नावं घातली. खेळाला ‘मोनोपॉली’ म्हणू लागले. हातोहात फिरताना दुसरे नियम मात्र मागे पडले.

अटलांटिक सिटीतल्या क्वेकर पंथाच्या मंडळींनी रंगवलेला पट फिरत फिरत चार्ल्स डॅरोपर्यंत आला. मंदीत नोकरी गेलेल्या डॅरोने तो स्वतःचा म्हणून विकायला काढला. ‘मार्व्हन गार्डन्स’ या जागेच्या नावात नक्कल करताना झालेली चूकसुद्धा त्याच्या पटावर जशीच्या तशी उतरली. १९३५मध्ये पार्कर ब्रदर्स या खेळांच्या कंपनीने त्याच्याकडून खेळ घेतला; तो लक्षाधीश झाला. मॅगीबाईंचं १९२४चं सुधारित पेटंट कंपनीने ५०० डॉलरला घेतलं, पुढे विक्रीतला एक पैसाही द्यायचा नाही या अटीवर. हा सरळ अन्याय होता. १९४८मध्ये त्या गेल्या, तेव्हा खेळाच्या खोक्यावर त्यांचं नाव नव्हतं.

ते पुन्हा उजेडात आलं एका शिक्षकामुळेच. सॅन फ्रान्सिस्कोचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अन्सपाक यांनी १९७३मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ काढला. पार्कर ब्रदर्सने नावावर हरकत घेतली, तेव्हा अन्सपाक स्वतःच कोर्टात गेले. खटल्यासाठी कागद धुंडाळताना त्यांना मॅगीबाईंचं पेटंट सापडलं, आर्डेनची माणसं सापडली. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला आणि निकाल अन्सपाक यांच्या बाजूने कायम झाला.

नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. घरातला जुना ‘व्यापार’ वर्गात न्या. पहिला डाव नेहमीसारखा होऊ द्या. दुसऱ्यात जागेचं भाडं मालकाऐवजी सामाईक डब्यात टाकायला सांगा, आणि त्यातून मजुरी वाढवा. मग मुलांनाच विचारा, या वेळी कुणी भिकेला का लागलं नाही. उत्तरासाठी पुरेसा वेळ ठेवा.