परदेशातून गेमिंगचं सामान मागवताना आधी हिशेब करा

पोरगा मोबाइलवर अमेरिकेच्या दुकानातला स्टिअरिंग सेट दाखवतो, पण ते दुकान बुलढाण्याला माल पाठवत नाही. अशा वेळी फॉरवर्डिंग कंपनी तिकडचा एक पत्ता देते, खोका तिथे उतरवून घेते आणि पुढे आपल्या घरी रवाना करते. सोय चांगली आहे, पण खर्च कुठे वाढतो ते आम्ही सांगतो.

भाडं वजन किंवा आकार, जे जास्त भरेल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून कुरिअरवाले बहुधा 5000 ने भागतात. 60×40×40 चा खोका 19.2 किलोचा धरला जातो, आत माल आठच किलो असला तरी! कस्टम ड्युटी वस्तूची किंमत, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या रकमेवर बसते. दर बजेटमध्ये बदलतात, ताजे पाहूनच ऑर्डर द्या.

"मामू दुबईहून गिफ्ट म्हणून पाठवतील" हा उपाय आता चालत नाही. डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून गिफ्टला माफी नाही. किंमत कमी लिहिली तर माल जप्तही होऊ शकतो.

खरी भीती फोनची. "पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या खात्यात पैसे टाका," असं ऐकून अम्मी-अब्बा घाबरतात. कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात ड्युटी घेत नाही. त्यांच्या पत्रावर डीआयएन नंबर असतो. तो सीबीआयसीच्या वेबसाइटवर तपासता येतो. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.