इंग्लिश काउंटी कौन्सिले आणि ‘व्हिस्कीचा पैसा’

इंग्रजीत ‘टॅक्स’ आणि ‘रेट’ हे शब्द समानार्थी नाहीत. टॅक्स हा राज्याच्या तिजोरीत जातो. रेट हा स्थानिक गरजांसाठी त्या त्या ठिकाणच्या स्थावर मिळकतीवर बसतो आणि तेथेच खर्च होतो. मराठीतील ‘सारा’ आणि ‘पट्टी’ यांत काहीसा असाच भेद असल्याने ‘रेट’साठी येथे ‘पट्टी’ हाच शब्द योजला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लिश काउंटीचा जमाखर्च पाहू जाता त्यात एकच पेच पुनःपुन्हा आढळतो: लोकोपयोगी कामे वाढवावयाची, परंतु पट्टी मात्र वाढू द्यावयाची नाही.

१८८९ पर्यंत काउंटीचा कारभार ‘जस्टिस ऑफ द पीस’ या नेमलेल्या, बहुधा जमीनदार वर्गातील अधिकाऱ्यांच्या त्रैमासिक बैठकीकडे असे. न्यायनिवाडा करणारी हीच मंडळी पूल, पोलीस आणि वेड्यांची इस्पितळे यांसाठी पट्टीही बसवीत. पट्टी भरणाऱ्याला त्यांना जाब विचारण्याची सोय नव्हती. सॉलिस्बरी मंत्रिमंडळातील रिची यांनी आणलेल्या १८८८ च्या कायद्याने हा कारभार निर्वाचित काउंटी कौन्सिलांकडे सोपविला. पोलिसांवरील नियंत्रण तेवढे जस्टिस आणि कौन्सिलसदस्य यांच्या समसमान समितीकडे राहिले; जुन्या वर्गाने हातची सत्ता एका दमात सोडली नाही, असेच म्हणावे लागते.

सत्तेबरोबर पैसाही हवा होता. अर्थमंत्री गोशेन यांनी स्थानिक कामांसाठी दिली जाणारी बहुतेक जुनी अनुदाने बंद करून त्यांच्या जागी परवाना शुल्के आणि मृतांच्या मालमत्तेवरील ‘प्रोबेट’ कराचा काही भाग स्थानिक संस्थांना तोडून दिला. त्या भागाची वाटणी इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांत ८०, ११ आणि ९ या प्रमाणात ठरली. स्थानिक संस्थेला स्वतःचे म्हणता येईल असे उत्पन्न असावे, तिने दरसाल केंद्राच्या दारी हात पसरू नये, हा त्यामागील हेतू होता. परंतु कराचे दर ठरविण्याचा अधिकार कौन्सिलांना नव्हता. नावाने ते उत्पन्न त्यांचे, किल्ली मात्र वेस्टमिन्स्टरमध्ये.

कौन्सिलांच्या आर्थिक इतिहासाला खरे वळण मिळाले ते १८९० साली, आणि तेही अनपेक्षितपणे. गोशेन यांनी मद्यार्कावर गॅलनमागे सहा पेन्स जादा कर बसविला आणि बिअरवरील करही वाढविला. या उत्पन्नाचा एक भाग, ज्या मद्यविक्रेत्यांचे परवाने रद्द व्हावयाचे त्यांना भरपाई म्हणून द्यावयाचा होता. दारूबंदीवाद्यांनी याविरुद्ध रान उठविले. मद्यविक्रीचा परवाना ही जणू विक्रेत्याची कायमची मालमत्ता, असे या भरपाईने मान्य होते, हा त्यांचा आक्षेप होता. सरकारला ती कलमे मागे घ्यावी लागली. कर बसला होता, त्याचा विनियोग मात्र नाहीसा झाला. तेव्हा विरोधी लिबरल पक्षाचे आर्थर ॲकलंड यांनी सुचविले की, ही रक्कम धंदेशिक्षणासाठी कौन्सिलांना द्यावी. पोलिसांच्या निवृत्तिवेतनाचा वाटा वगळता इंग्लंडच्या हिश्शाला वर्षाकाठी सुमारे साडेसात लाख पौंड उरले. ‘व्हिस्कीचा पैसा’ हे नाव त्याला लौकरच चिकटले.

येथे कायद्याच्या शब्दयोजनेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. हा पैसा शिक्षणावर खर्च करण्याची मुभा होती, सक्ती नव्हती. वाटल्यास पट्टी कमी करण्याकडेही तो लावता येत होता. मुंबई इलाख्यात याच्या उलट स्थिती होती. तेथे शेतसाऱ्यावरील रुपयामागे एक आण्याच्या लोकल फंडाचा एक तृतीयांश हिस्सा आधीच शाळांसाठी राखून ठेवलेला असे. इंग्लंडमध्ये निवड कौन्सिलांची होती, आणि सदस्यांना निवडून देणारे मतदार पट्टी भरणारेच होते. शेतीत मंदी होती. मोह कोणत्या बाजूला होता हे सांगावयास नको. खुद्द लंडनच्या कौन्सिलाने प्रारंभी सारी रक्कम पट्टी हलकी करण्यात घालविली. १८९३ मध्ये सिडनी वेब यांच्या अध्यक्षतेखाली धंदेशिक्षण मंडळ स्थापन झाल्यावर तेथील धोरण पालटले. इतर बहुसंख्य कौन्सिलांनी मात्र पहिल्यापासूनच रकमेचा मोठा भाग शिक्षणाकडे वळविला.

त्यातून शिष्यवृत्त्या, सायंवर्ग, दुग्धव्यवसाय व फळबागा यांवरील फिरती व्याख्याने सुरू झाली. केंट आणि सरे या काउंटींनी मिळून वाय येथे काढलेले कृषिमहाविद्यालय १८९४ चे. १८८९ च्या धंदेशिक्षण कायद्याची व्याख्याही कल्पनेपेक्षा ऐसपैस होती. प्रत्यक्ष कसब शिकविण्यास तीत बंदी होती, पण विज्ञानकला खात्याच्या मंजुरीने आधुनिक भाषा शिकविता येत. मद्यावरील कराने फ्रेंच-जर्मनचे वर्ग चालावेत, यातील गंमत तत्कालीनांच्याही ध्यानात आली असेल.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा तिच्या उगमातच होता. लोक जितके कमी पितील तितके शाळांचे उत्पन्न घटावयाचे. शिवाय संसदेने दिलेले संसद केव्हाही काढून घेऊ शकत होती, त्यामुळे कायमचे शिक्षक नेमताना कौन्सिले बिचकत. तथापि दहा-बारा वर्षांत त्यांच्या शिक्षणसमित्यांना हिशेब, तपासणी आणि शाळांशी व्यवहार यांचा सराव झाला. १९०२ च्या बॅल्फर कायद्याने निर्वाचित स्कूल बोर्डे मोडून शिक्षणाची जबाबदारी प्रामुख्याने काउंटी आणि मोठ्या नगरांची कौन्सिले यांच्याकडे दिली, तेव्हा ती पेलू शकणारी यंत्रणा आयतीच उभी होती. त्याच कायद्याने व्हिस्कीचा पैसा प्राथमिकेतर शिक्षणावरच खर्च करणे सक्तीचे केले. गोशेन यांची तोडून दिलेल्या उत्पन्नाची पद्धती मात्र १९२९ च्या कायद्याने एकत्रित अनुदान येईपर्यंत नावापुरती चालू राहिली.